नऊ ठिपक्यांचा चेहरा : घरासमोर उभ्या असलेल्या एका कामाच्या गाडीची गोष्ट

दादांनी फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "बघा, सगळं रेकॉर्ड झालंय. फक्त चोर तेवढा दिसत नाही."

क्लिप चार मिनिटांची होती. कोपऱ्यातलं घड्याळ २:४१ दाखवत होतं. एक माणूस येतो, व्हॅनच्या सरकत्या दाराला गुडघा टेकवतो, दाराच्या वरच्या कडेत बोटं घालतो आणि अंगाचा सगळा भार मागे टाकतो. पत्रा वाकतो, फट पडते, आत हात जातो. कुलूप शेवटपर्यंत शाबूत. मग दुसरा माणूस येतो आणि हॅमर ड्रिल, ग्राइंडर, क्रिम्पिंग मशीन, बॅटऱ्यांची पेटी असं सामान हातोहात बाहेर पडतं. कुठल्या फेरीत काय गेलं हे दादा नुसत्या आकारावरून सांगत होते, कारण वस्तू त्यांच्याच हातातल्या. चेहऱ्याच्या जागी मात्र एक फिकट डाग. चित्र थांबवून मोठं केलं की त्या डागाचे चौकोन.

दादा इलेक्ट्रिशियन. हत्यारं गेली म्हणजे दुसऱ्या दिवशीचं काम गेलं, आणि ज्यांना शब्द दिला होता त्यांचाही खोळंबा झाला. मी कॅमेरे बसवतो, त्यामुळे अशा क्लिपा दाखवणारे लोक मला नवे नाहीत. हे प्रकरण सविस्तर लिहायला घेतलं कारण दादांचा कॅमेरा वाईट नव्हता, तरीही तो काहीच कामाला आला नाही; आणि ते दुरुस्त करताना एक चूक माझ्याकडूनही झाली.

टेप घेऊन

घरासमोर लांबट, अरुंद मोकळी जागा आहे. एका बाजूला कुंपणाची भिंत, दुसरी बाजू मोकळी, टोकाला रस्ता. दादा संध्याकाळी दमून येत आणि व्हॅन सरळ आत घालून रस्त्यापासून चार पावलांवर सोडून देत. बोनेट घराकडे, मागची दारं रस्त्याकडे. सरकतं दार डावीकडे, म्हणजे मोकळ्या बाजूला. भिंत उजवीकडे, जिकडे दारच नाही. चोराने स्वतः गाडी लावली असती तरी याहून सोयीची लावली नसती.

कॅमेरा घराच्या दर्शनी भिंतीवर, जमिनीपासून ५ मीटर उंच. तिथून व्हॅनच्या सरकत्या दारापर्यंत मी टेप लावली तर अंतर भरलं १४ मीटर. कॅमेरा १०८० पी, लेन्स २.८ मिलिमीटरची. घरासाठी सरसकट विकला जाणारा हाच प्रकार, कारण त्यात अंगण, फाटक, रस्ता सगळं एकदम दिसतं आणि बसवल्याबरोबर माणूस खूश होतो.

आता थोडा हिशोब. तो केल्याशिवाय पुढचं काही पटणार नाही. अशा लेन्सचा आडवा कोन साधारण १०० अंशांचा असतो. १४ मीटरवर त्यात जवळजवळ ३३ मीटर रुंदीचं दृश्य बसतं. १०८० पीच्या चित्रात आडवे १,९२० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. ते ३३ मीटरवर पसरले की एका मीटरच्या वाट्याला येतात ५७. माणसाचा चेहरा रुंदीला सुमारे १६ सेंटिमीटर. म्हणजे त्याच्या वाट्याला नऊ ठिपके. कान, नाक, डोळे, दाढी, सगळं नऊ ठिपक्यांत.

कॅमेऱ्यांच्या या मोजमापासाठी आयईसी ६२६७६-४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत ढोबळपणे असं धरलं होतं : मीटरला २५ पिक्सेल असतील तर तिथे कोणीतरी आहे एवढं कळतं, ६२ च्या आसपास असतील तर कपडे आणि हालचाल कळते, १२५ असतील तर ओळखीचा माणूस ओळखू येतो आणि अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर २५० लागतात. दादांचे ५७. घरात बसून "कोणीतरी आहे" एवढंच सांगणारा कॅमेरा.

दादांचे मेव्हणे तिथे हजर होते. त्यांचं म्हणणं, "फोर के लावा, प्रश्न मिटला." मी त्यांच्यासमोरच आकडे बदलले. त्याच भिंतीवर, त्याच लेन्सचा फोर के कॅमेरा लावला तर आडवे पिक्सेल दुप्पट होतात : ३,८४० भागिले ३३, म्हणजे मीटरला सुमारे ११५. ओळखीच्या माणसासाठी लागणाऱ्या १२५ पर्यंतही तो पोचत नाही. उलट ४ मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा गाडीपासून ६ मीटरवर आणला आणि कोन ८० अंशांपर्यंत आवळला तर चित्रात दहाएक मीटर रुंदी बसते आणि मीटरला २५० च्या थोडे वर पिक्सेल मिळतात. चेहऱ्याला चाळीस ठिपके. खोक्यावरचा आकडा दुप्पट करून जे साधत नाही ते कॅमेरा आठ मीटर पुढे नेऊन साधतं. मेव्हण्यांनी फोनवर गुणाकार करून पाहिला आणि विषय बदलला.

आधी गाडी वळवली

कॅमेऱ्याचं नावही काढण्याआधी मी दादांना व्हॅन उलटी लावायला सांगितली. रिव्हर्स घेऊन आत घातली की बोनेट रस्त्याकडे येतं, डावी बाजू कुंपणाच्या भिंतीशी जाते आणि सरकतं दार भिंतीपासून वीतभर अंतरावर राहतं. तिथे माणूस उभाच राहू शकत नाही, मग गुडघा कुठे टेकवणार? मागची दारं घराकडे तोंड करतात. दादांना हे माहीत नव्हतं असं नाही. संध्याकाळी कंटाळा येतो, एवढंच कारण. "सकाळी निघायला तरी बरं पडेल," असं वहिनी म्हणाल्या आणि तो मुद्दा निकाली निघाला.

गाडी वळल्यामुळे मात्र कॅमेऱ्याचं गणित नव्याने मांडावं लागलं. चोराला आता व्हॅनच्या उजव्या बाजूने घराच्या दिशेने यायचं, मागच्या कोपऱ्याशी वळायचं आणि दाराकडे तोंड करून उभं राहायचं. दार उघडताना त्याची पाठ घराकडे. म्हणजे दारावर रोखलेला कॅमेरा पाठच दाखवणार. चेहरा मिळेल तो येताना, व्हॅनच्या कडेच्या त्या बोळातून. असंख्य घरी कॅमेरा वस्तूकडे तोंड करून बसवलेला मी पाहिलाय, आणि रेकॉर्डिंगमध्ये सुंदर पाठी जमा झालेल्या असतात. कॅमेरा वाटेवर रोखायचा आणि दार त्याच्या चौकटीच्या कडेला ठेवायचं, असं ठरलं.

अंगणात एक जुना लोखंडी खांब होता. पूर्वी त्यावर दिवा असायचा, आता नुसता उभा. त्यापासून व्हॅनच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत ६ मीटर आणि समोर थेट तो बोळ. खांबावर कॅमेरा अडीच मीटरवर लावायचं मी सुचवलं तेव्हा दादांनी लगेच विचारलं, "एवढ्या खाली? हात लावतील की." रास्त शंका आहे. पण ६ मीटरवरच्या माणसाचा चेहरा अडीच मीटरवरून नऊ-एक अंशांच्या उतारावर दिसतो. टोपीची पट्टी असली तरी डोळे सुटत नाहीत. तोच कॅमेरा पाच मीटरवर नेला तर कोन तीसच्या घरात जातो आणि टोपीचा माथा तेवढा हाती लागतो. राहिला हात लावण्याचा प्रश्न, तर भिंतीवरचा जुना कॅमेरा आम्ही काढला नाही. त्याला चेहरा दिसत नसला तरी खांबाशी कोण गेलं ते दिसतं. खांबावरचा गाडी बघतो, भिंतीवरचा खांब बघतो.

बॅटरीचा कॅमेरा आणि माझ्या फेऱ्या

दादांनी चोरीनंतर घाईत एक बॅटरीवर चालणारा वायफाय कॅमेरा आणून ठेवला होता. वायर नाही, भोक पाडायला नको, पाच मिनिटांत बसतो. त्यांची इच्छा तोच लावावा अशी. मी वाद घातला नाही. संध्याकाळ झाल्यावर तो खांबावर बांधला आणि चोराच्या वाटेने स्वतः चालत आलो. पुन्हा चालत आलो. कधी सावकाश, कधी भरभर.

क्लिपा पाहिल्या तर बहुतेकांत मी आधीच दाराशी पोचलेलो, पाठमोरा. कारण असं की हे कॅमेरे बॅटरी वाचवायला झोपलेले असतात. अंगाच्या उष्णतेची हालचाल पकडणारा एक छोटा सेन्सर त्यांना उठवतो, आणि उठून रेकॉर्डिंग सुरू होईपर्यंत क्षण-दोन क्षण जातात. शिवाय तो सेन्सर आडवी हालचाल झटकन पकडतो, पण माणूस सरळ त्याच्याच दिशेने चालत आला तर उशिरा जागा होतो. आमची वाट नेमकी सरळ कॅमेऱ्याच्या दिशेची. आणि ज्या पावलांत चेहरा मिळायचा तीच पावलं गळलेली. एकदा क्लिप संपल्यावर पुढची सुरू व्हायला मध्ये विसावाही लागतो. काही कॅमेऱ्यांत तो बदलता येतो, सगळ्यांत नाही.

वायफायबद्दल वेगळीच शंका होती. खांबापर्यंत सिग्नल पोचत होता, २.४ गिगाहर्ट्झवर तर बरा पोचत होता. पण वायफाय मुद्दाम तोडता येतं आणि त्याची साधनं दुर्मिळ नाहीत. डब्ल्यूपीए ३ या वायफायच्या सुरक्षा-पद्धतीत खोट्या "डिसकनेक्ट" संदेशांपासून संरक्षण सक्तीचं आहे, पण सरळ रेडिओ लहरींचा गोंधळ घातला तर त्यालाही उपाय नाही. प्रत्येक चोर एवढी तयारी करून येतो असं मी म्हणत नाही. बहुतेक येतच नाहीत. मात्र जिथे वायर नेता येते तिथे वायर न नेण्याला काही कारण लागतं, आणि इथे ते नव्हतं. घरचा माणूसच इलेक्ट्रिशियन.

खांबापर्यंत जमिनीखालून जुन्या दिव्याचा पाइप गेला होता. माझ्या मदतनिसाने उत्साहाने त्यातून नेटवर्कची केबल ओढायला घेतली तर दादांनी त्याचा हात धरला. "मेनची वायर आणि ही एका पाइपात? माझ्याच घरी?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः खणून दुसरा पाइप टाकला. त्यातून एकच केबल नेली. डेटाही तिच्यातून आणि वीजही तिच्यातून. याला पीओई म्हणतात. २००३ च्या मूळ मानकाप्रमाणे एका पोर्टवर १५.४ वॉटपर्यंत वीज देता येते आणि केबल १०० मीटरपर्यंत चालते. आमचं अंतर त्याच्या जवळपासही नव्हतं. केबल मात्र शुद्ध तांब्याची घ्यायची. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशीही केबल मिळते, दिसायला तीच. रात्री इन्फ्रारेड दिवे लागून भार वाढला की तिच्यावरचा कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो आणि लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात.

रात्रीचं चित्र

दुकानात कॅमेऱ्याचं चित्र दिवसा दाखवतात. चोरी रात्री होते. पिक्सेलचा वर केलेला सगळा हिशोब पुरेशा उजेडातला आहे. अंधारात त्यातलं निम्मंही हाती राहीलच असं नाही.

उजेड कमी झाला की कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. समजा सेकंदाचा पंचविसावा भाग. भरभर चालणारा माणूस सेकंदाला दीड मीटर जातो, म्हणजे तेवढ्या वेळात तो ६ सेंटिमीटर सरकलेला असतो. सोळा सेंटिमीटरचा चेहरा सहा सेंटिमीटर पुसला गेला की चाळीस ठिपके असूनही हाती काही लागत नाही. उभ्या माणसाचं चित्र झकास, चालत्याचं भूत. जाहिरातीतली रात्रीची चित्रं नेहमी उभ्या वस्तूंची का असतात ते यावरून कळावं. शटर शंभराव्या भागावर आणलं तर सरकणं दीड सेंटिमीटरवर येतं, पण मग उजेड लागतो.

उजेड दोन प्रकारे देता येतो. न दिसणारा इन्फ्रारेड, किंवा साधा पांढरा. इन्फ्रारेडमध्येही ८५० नॅनोमीटरचे दिवे अंधारात मंद लालसर दिसतात आणि लांब पोचतात. ९४० चे डोळ्यांना दिसतच नाहीत, पण त्यांचा पल्ला बराच कमी. लपूनछपून पाळत ठेवायची असेल तर ९४० ठीक. आम्हाला उलट हवं होतं. आलेल्या माणसाला आपण दिसतोय हे कळायला हवं होतं, तेही दाराला हात लावण्याआधी. म्हणून पांढरा दिवा : रात्रभर मंद, आणि माणूस वाटेत शिरला की पूर्ण. रंगही मिळतात त्यात. "काळपट जॅकेट" आणि "हिरवं जॅकेट" यात तक्रार लिहून घेणाऱ्याच्या दृष्टीने पुष्कळ फरक असतो.

इथे ४ मेगापिक्सेलच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. सेन्सर तेवढाच ठेवून त्यावर दुप्पट पिक्सेल कोंबले तर प्रत्येकाच्या वाट्याला उजेड निम्मा येतो. आम्ही मोठ्या सेन्सरचा, ४ मेगापिक्सेलचा, लेन्स मागेपुढे करता येईल असा कॅमेरा घेतला. आकार डोळ्याच्या बुबुळासारखा उघडा; काचेच्या घुमटातला नाही, कारण घुमटावर धूळ आणि दव बसलं की कॅमेऱ्याचेच इन्फ्रारेड किरण आत परततात आणि चित्र दुधाळ होतं.

गाडीचा नंबर टिपणारा वेगळा कॅमेरा हवा, हा मेव्हण्यांचा दुसरा आग्रह. रात्री नंबर वाचायचा तर शटर फार वेगवान ठेवावं लागतं, कोन अगदी अरुंद, आणि त्यात बाकी सगळं काळं दिसतं. एका कॅमेऱ्यात चेहरा आणि नंबर दोन्ही मागितले तर दोन्ही जातात. तो बेत पुढे ढकलला.

वहिनींनी म्यूट केलेलं ॲप

आता ज्यासाठी मी हे प्रकरण खरं तर निवडलं ती गोष्ट. चोरीच्या रात्री जुन्या कॅमेऱ्याने सूचना पाठवली होती. फोन उशाशी होता. ॲप म्यूट होतं, आणि ते वहिनींनी केलं होतं. "रात्रभर वाजणाऱ्या फोनशेजारी झोपून दाखवा," असं त्या मला म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. जुना कॅमेरा चित्रातले ठिपके बदलले की ओरडायचा. झाडाची सावली हलली, ओरडला. रस्त्यावरून गाडी गेली, तिच्या दिव्यांचा झोत भिंतीवरून फिरला, ओरडला. पाऊस आला की विचारूच नका.

२०१९ साली चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेरे लावलेल्या ठिकाणी गुन्हे सरासरी सुमारे १३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. परिणाम सर्वांत ठळक होता वाहनतळांवर. आणि जिथे कोणीतरी पडद्याकडे प्रत्यक्ष लक्ष ठेवून होतं व कॅमेऱ्याच्या जोडीला इतर उपाय होते तिथेही जास्त. हे आकडे सार्वजनिक ठिकाणांचे आहेत, घरच्या कॅमेऱ्याला जसेच्या तसे लागू करू नयेत. पण दादांच्या घरी पडद्याकडे बघणारं कोण? म्यूट केलेला फोन.

म्हणून सूचना कमी करण्यावर मी कॅमेरा बसवण्यापेक्षा जास्त वेळ घालवला. नवा कॅमेरा माणूस आणि इतर हालचाल यात फरक करतो. चित्रात रस्ता पूर्ण वगळून व्हॅनभोवती दीड-दोन मीटरचा पट्टा आखला. त्यात रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत माणूस शिरला तरच दिवा पूर्ण लागतो आणि फोन वाजतो. दहा सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळला तर दादांच्या आवाजातलं वाक्य स्पीकरवरून : "गाडीपासून लांब व्हा, रेकॉर्डिंग चालू आहे." भोंगा आपोआप वाजत नाही, तो फोनवरून दादांनीच वाजवायचा. आपोआप वाजणारा भोंगा मांजरासाठी एकदा वाजला की शेजारी कायमचे दुरावतात.

फोनच्या "व्यत्यय नको" या सोयीतून हे एक ॲप वगळावं लागतं, आणि हे लोक हमखास विसरतात. दिवसभर चाचणीत फोन छान वाजतो, रात्री दहाला ती सोय सुरू होते आणि शांतता. आम्ही रात्री साडेअकराला चाचणी घेतली. पहिल्यांदा फोन वाजला नाही, तो याच कारणाने.

फोन वाजल्यावर काय करायचं हेही आधीच ठरवलं : खिडकीतून बघायचं, घरातले दिवे लावायचे, स्पीकरवरून बोलायचं, पोलिसांना फोन करायचा. दार उघडून बाहेर पडायचं नाही. दादा तापट आहेत, म्हणून हे वहिनींच्या समोर कबूल करून घेतलं.

रेकॉर्डर, घड्याळ, खिडकी

रेकॉर्डर माळ्यावर, जुन्या सामानामागे. दोन कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला ४ मेगाबिट, म्हणजे दिवसाला मिळून ८६ गिगाबाइट. २ टेराबाइटच्या डिस्कवर तेवीसएक दिवस मागचं सापडतं. एवढं कशाला, असं वाटेल. पण चोरी होऊन आठवडा झाल्यावर दादांच्या ध्यानात आलं की मल्टिमीटरही नाही, आणि तो त्याच रात्री गेला की आधीच, हे सांगता येईना. जुन्या कॅमेऱ्याच्या कार्डावर तीन दिवसच राहायचे. रेकॉर्डर, राउटर आणि पीओईचा स्विच हे तिन्ही एका यूपीएसवर घेतले. नुसता रेकॉर्डर घेऊन भागत नाही.

घड्याळाची गंमत अशी की क्लिपवरचे २:४१ खरे नव्हतेच. माझ्या फोनशी ताडून पाहिलं तर जुना कॅमेरा ३७ मिनिटं पुढे होता. तक्रारीत वेळ गेली होती २:४१, आणि पलीकडच्या घरच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या वेळेला रस्ता रिकामा. ते रेकॉर्डिंग २:०४ पासून पाहायला हवं होतं. आम्ही विचारायला गेलो तोवर ते पुसून गेलं होतं. आता दोन्ही कॅमेरे आणि रेकॉर्डर इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतात. त्याच बैठकीत मूळचे पासवर्डही बदलले. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येने ताब्यात घेऊन इंटरनेटचा बराच भाग काही तास बंद पाडला होता. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

समोरच्या घराची एक खिडकी जुन्या कॅमेऱ्याच्या चित्रात येत होती. तिच्यावर काळा पट्टा टाकला आणि तो पट्टा समोरच्यांना नेऊन दाखवला. याबाबत नियम जागोजागी वेगळे आहेत. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ मध्ये असं ठरवलं की घरच्या कॅमेऱ्यात सार्वजनिक रस्ता येत असेल तर ती निव्वळ घरगुती बाब राहत नाही. कायदा काहीही असो, आपली खिडकी दिसत नाही याची खात्री पटलेला शेजारी पुढे स्वतःहून फोन करतो.

कोळ्याचं जाळं

आता माझी चूक. पांढरा दिवा मी त्याच खांबावर, कॅमेऱ्याच्या वीतभर वर लावला. वायर तिथे होतीच, काम सोपं. आठवड्याच्या आत रात्री-बेरात्री सूचना येऊ लागल्या. दादा ॲप पुन्हा म्यूट करायच्या बेतात होते. क्लिप उघडली तर पडद्यावर पांढरे जाडजूड दोर हलताहेत आणि त्यावरून एक आठ पायांचा राक्षस चालतोय. उजेडाला किडे आले, किड्यांमागे कोळी आला, आणि त्याने लेन्ससमोरच संसार थाटला. जाळ्यामागचं चित्र धूसर, आणि तेवढ्या जवळचा कोळी कॅमेऱ्याला कधीकधी माणूस वाटायचा.

दिवा काढून कुंपणाच्या भिंतीवर नेला, कॅमेऱ्यापासून चारएक मीटर बाजूला. किडे तिकडे गेले. एक अनपेक्षित फायदा असा झाला की बाजूने उजेड पडल्याने चेहऱ्याला उठाव आला. समोरून पडणाऱ्या दिव्यात तो सपाट दिसायचा. हे मला आधी सुचायला हवं होतं. कॅमेऱ्याची काच महिन्यातून एकदा मऊ फडक्याने पुसायची, हे काम दादांच्या मुलीने घेतलं.

एवढं करून दादांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतो. चोरी झालेल्या जागी पुन्हा चोरी होण्याची शक्यता पुढच्या काही आठवड्यांत सर्वांत जास्त असते. वाट माहीत झालेली असते, आणि गेलेल्याच्या जागी नवं सामान आलेलं असणार हेही कळतं. म्हणून महागाची तीन मशीनं रात्री घरात घ्यायची, प्रत्येक हत्याराचा नंबर फोटोसकट लिहून ठेवायचा, मागच्या दारांना बाहेरून वेगळं कुलूप आणि वरच्या कडेला आतून पट्टी बसवायची. पट्टीचं काम दादांनी दोनदा लांबणीवर टाकलं.

पाव मिनिट

अकराव्या आठवड्यात पहाटे ३:१८ ला फोन वाजला. दादांनी उठून पडदा बाजूला केला तोवर अंगणात कोणी नव्हतं. सकाळी मला क्लिप आली.

व्हॅनच्या कडेने एक माणूस आत येतो, पाठीला रिकामी पिशवी. दोन पावलं टाकतो आणि दिवा पूर्ण होतो. तो दचकत नाही. थांबतो, दिव्याकडे बघतो, मग खांबाकडे, मग नेमका लेन्समध्ये. स्पीकर बोलायला लागण्याआधीच वळतो आणि आला त्याच वाटेने निघून जातो. पाव मिनिटही नाही.

तो चोरच होता असं मी म्हणू शकत नाही. आडोसा शोधत आलेला कोणी वाटसरूही असेल. गाडीला त्याने बोटही लावलं नाही. पोलिसांना आम्ही तारीख, खरी वेळ आणि क्लिप एवढंच दिलं, त्याच्यावर कसलाही आरोप न करता. नंतरच्या दोन महिन्यांत त्या पट्ट्यात रात्री माणूस शिरल्याची एकही सूचना आली नाही. त्याचं श्रेय दिव्याला, वळवलेल्या गाडीला की नुसत्या योगायोगाला, हे एका घरावरून ठरवता येत नाही.

संध्याकाळी मी गेलो तेव्हा दादा ते थांबवलेलं चित्र बघत बसले होते. भुवया, नाकाचा बाक, कानाची पाळी, सगळं दिसत होतं. बराच वेळ बघून ते म्हणाले, "ओळखीचा नाही." मग फोन खिशात टाकला आणि व्हॅनमधून ड्रिल, तासणी आणि ती राहिलेली पट्टी काढली.